१६ घटकांचा रेषीय अ‍ॅरे: गणितातला बीम मोजणीत का सापडत नाही?

प्रश्नात वर्णन केलेली स्थिती थोडक्यात अशी आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने मांडलेल्या १६ घटकांच्या रेषीय अँटेना अ‍ॅरेला (एका ओळीत बसवून एकत्र वापरलेल्या अँटेनांच्या संचाला) डॉल्फ-चेबिशेव्ह भारांक, म्हणजे साइडलोब एकाच उंचीला दाबणारे प्रत्येक घटकाचे गुणक, दिले असता संगणकावर साइडलोब (मुख्य बीमच्या बाजूंना उरणारी नको असलेली शिखरे) मुख्य बीमच्या ४० डेसिबेल खाली दिसतात. प्रत्यक्ष मोजणीत मात्र ते २८ डेसिबेलच्या खाली जायला तयार नाहीत. केपनची अ‍ॅडॅप्टिव्ह, म्हणजे येणाऱ्या डेटावरून भारांक स्वतः ठरवणारी, पद्धत वापरली तर दुर्बळ सिग्नल व्यवस्थित मिळतो, पण सिग्नल जोरदार असला की नेमका तोच दाबला जातो. अशा वेळी घटकांमधले अंतर वाढवून बीम अरुंद करावा का, आणि सिग्नलची दिशा शोधण्यासाठी म्युझिक (MUSIC) हा अल्गोरिदम वापरल्याने अडचण सुटेल का, असे विचारले आहे.

माझ्या मते या सगळ्या तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. अ‍ॅरेच्या प्रत्येक गणिताच्या तळाशी स्टिअरिंग व्हेक्टर असतो, म्हणजे एखाद्या दिशेने आलेली समतल तरंगरेषा प्रत्येक घटकाच्या आउटपुटवर कोणत्या फेजने आणि कोणत्या अ‍ॅम्प्लिट्यूडने उमटेल याची यादी. पाठ्यपुस्तकात ही यादी घटकांमधले अंतर, तरंगलांबी आणि कोनाची साइन एवढ्यावरून लिहून मोकळे होता येते. खऱ्या अ‍ॅरेच्या यादीत मात्र केबलच्या लांबीतला फरक, रिसीव्हरच्या प्रत्येक चॅनेलचा वेगळा गेन, बसवताना राहिलेली जागेची चूक आणि शेजारच्या घटकांचा प्रभाव हे सारे मिसळलेले असते. आपण प्रोसेसरला दिलेली यादी आणि अ‍ॅरेची खरी यादी यांच्यात जेवढी तफावत असेल, तेवढीच आपल्या साइडलोबची, केपनच्या बीमची आणि म्युझिकच्या शिखरांची मर्यादा ठरते. म्हणून अल्गोरिदम बदलण्याआधी ही तफावत मोजावी, असा माझा आग्रह आहे.

आधी साइडलोबचा हिशेब पाहू, कारण तो अगदी थोडक्या आकडेमोडीत होतो. प्रत्येक चॅनेलमध्ये एकमेकांशी संबंध नसलेली फेजची आणि अ‍ॅम्प्लिट्यूडची यादृच्छिक चूक आहे असे धरले, तर त्या चुकांमुळे सर्व दिशांना पसरणारी सरासरी पातळी, मुख्य बीमच्या शिखराच्या तुलनेत, चुकांच्या वर्गांच्या बेरजेला घटकांच्या संख्येने आणि टेपरच्या (मधून टोकांकडे घटत जाणाऱ्या भारांकांच्या) कार्यक्षमतेने भागून मिळते. फेजची चूक ५ अंश, म्हणजे ०.०८७ रेडियन, आणि अ‍ॅम्प्लिट्यूडची चूक अर्धा डेसिबेल, म्हणजे सुमारे ६ टक्के धरू. दोन्हींच्या वर्गांची बेरीज ०.०११ होते. उणे ४० डेसिबेलच्या चेबिशेव्ह टेपरची कार्यक्षमता सुमारे पाऊण असते, त्यामुळे भागाकार ०.०००९ च्या आसपास येतो आणि सरासरी पातळी उणे ३० डेसिबेलला टेकते. ही सरासरी आहे. डझनभर साइडलोबांपैकी एखादा तिच्यावर दोन-तीन डेसिबेल चढणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे आपल्या मोजणीतला उणे २८ हा आकडा कोणत्याही गूढ बिघाडाकडे बोट दाखवत नाही. ५ अंश आणि अर्धा डेसिबेल ही कॅलिब्रेशनशिवाय, म्हणजे चॅनेलमधले फरक मोजून दुरुस्त न करता, जोडलेल्या, बऱ्यापैकी काळजीपूर्वक बनवलेल्या हार्डवेअरची चूक आहे, आणि आपल्याला तिच्याच तोडीचे साइडलोब मिळालेले आहेत.

हाच हिशेब उलटा चालवला की अपेक्षेची किंमत कळते. उणे ४० डेसिबेलचे साइडलोब खरोखर टिकवायचे असतील, तर चुकांची सरासरी पातळी त्याहून आणखी १० डेसिबेल खाली हवी. त्यासाठी, चूक फेज आणि अ‍ॅम्प्लिट्यूड यांच्यात सारखी वाटली तर, फेजची चूक अर्ध्या अंशाच्या आत आणि अ‍ॅम्प्लिट्यूडची चूक ०.०७ डेसिबेलच्या आत ठेवावी लागते. ३ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी १० सेंटिमीटर असते आणि सर्वसाधारण केबलमध्ये ती सुमारे ७ सेंटिमीटर होते. म्हणजे अर्धा अंश हा केबलच्या लांबीतला मिलिमीटरचा दहावा भाग झाला. कनेक्टर एकदा सोडवून पुन्हा आवळला तरी एवढा फरक पडू शकतो. चार बिटांचे डिजिटल फेज शिफ्टर वापरले असतील, तर त्यांची पायरीच २२.५ अंशांची असते आणि तिच्यातून येणारी क्वांटायझेशनची चूक सरासरी साडेसहा अंश भरते. असे शिफ्टर ठेवून उणे ४० ची आशा धरण्यात अर्थ नाही. याउलट उणे ३० डेसिबेलच्या टेपरसाठी हीच १० डेसिबेलची सुरक्षित मोकळीक ठेवली, तर फेजची चूक दीड अंश आणि अ‍ॅम्प्लिट्यूडची पाव डेसिबेलच्या आत पुरते. नीट केलेल्या कॅलिब्रेशनने हे साधते.

येथे एक प्रश्न मी आपल्याला उलट विचारेन: सर्व दिशांना उणे ४० कशासाठी हवे आहे? शेलकुनॉफ यांनी १९४३ मध्ये रेषीय अ‍ॅरेचा बीम म्हणजे एक बहुपदी आहे हे दाखवले, तेव्हापासून या विषयाकडे पाहण्याची सर्वांत स्वच्छ नजर हीच राहिली आहे. १६ घटकांची बहुपदी पंधराव्या घाताची असते, तिला १५ मुळे असतात, आणि एकक वर्तुळावर बसलेले प्रत्येक मूळ म्हणजे बीममधले एक शून्य. सगळे भारांक सारखे ठेवले की ही मुळे समान अंतरावर बसतात, मुख्य बीम ६.३ अंश रुंद मिळतो आणि पहिला साइडलोब सुमारे उणे १३ डेसिबेलवर राहतो. डॉल्फ यांनी १९४६ मध्ये चेबिशेव्ह बहुपदी वापरून मुळे अशी सरकवली की सगळे साइडलोब एकाच उंचीचे झाले, आणि ठरावीक साइडलोबसाठी सर्वांत अरुंद बीम मिळाला. उणे ३० डेसिबेलला आपला बीम सुमारे ८ अंशांचा होतो आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तरात अर्धा ते पाऊण डेसिबेल गमवावा लागतो. ही किंमत परवडणारी आहे. व्यत्यय आणणारे स्रोत एक-दोनच असतील आणि त्यांच्या दिशा माहीत असतील, तर उणे २५ किंवा ३० चा माफक टेपर घेऊन दोन मुळे नेमकी त्या दिशांना नेऊन ठेवणे हा सगळे आकाश उणे ४० ला दाबण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा मार्ग आहे. घटकांची संख्या बरीच मोठी असेल तर चेबिशेव्ह टेपरमध्ये टोकाच्या घटकांचे भारांक शेजाऱ्यांपेक्षा एकदम उसळतात, जे प्रत्यक्षात आणणे अवघड असते. तेथे टेलर यांचा १९५५ चा टेपर अधिक समंजस ठरतो. १६ घटकांना ही अडचण फारशी जाणवत नाही.

मात्र स्थिर भारांकांनी ठेवलेले शून्य हेही चुकांच्या पातळीपेक्षा खोल जात नाही, हे लक्षात ठेवावे. चुकांनी सगळीकडे उणे ३० चा तळ भरून टाकला असेल, तर कागदावरचे अनंत खोलीचे शून्यही सरासरीने उणे ३० लाच भरून येते.

अंतर वाढवण्याबद्दल. अंतर ०.८ तरंगलांबी केले तर बीम ६.३ अंशांवरून ४ अंशांवर येईल हे खरे, पण त्याबरोबर ग्रेटिंग लोबची, म्हणजे मुख्य बीमइतक्याच उंच अशा दुसऱ्या बीमची, दारे उघडतील. बीम लंब दिशेपासून जेवढ्या कोनापर्यंत वळवायचा असेल, त्या कोनाच्या साइनमध्ये १ मिळवून तरंगलांबीला भागावे. अंतर त्या भागाकारापेक्षा कमीच हवे. ०.८ साठी ही मर्यादा १४.५ अंशांवर येते आणि ०.७ साठी २५ अंशांच्या थोडी पुढे. मर्यादेच्या अगदी कडेलाही ग्रेटिंग लोबचे शिखर क्षितिजावर आलेले असते, म्हणून त्याची पूर्ण रुंदी बाहेर ठेवण्यासाठी थोडे आणखी आत राहावे लागते. आपला अ‍ॅरे फक्त लंब दिशेभोवतीच्या अरुंद पट्ट्याकडे पाहणारा असेल आणि प्रत्येक घटकाचा स्वतःचा पॅटर्न कडेला पुरेसा घसरत असेल, तर अंतर वाढवणे रास्त आहे. ६० अंशांपर्यंत वळवायचा असेल तर अर्ध्या तरंगलांबीला चिकटून राहावे. त्या कोनाला बीम तसाही दुप्पट रुंद होतो, कारण तिकडून पाहणाऱ्याला अ‍ॅरेची लांबी निम्मीच दिसते.

घटक तेवढेच ठेवून लांबी वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे असमान मांडणी. चार घटक ०, १, ४ आणि ६ या स्थानांवर ठेवले तर त्यांच्या जोड्यांमधली अंतरे १ ते ६ पर्यंत सगळी एकेकदा मिळतात. मॉफेट यांनी १९६८ मध्ये अशा न्यूनतम पुनरावृत्तीच्या मांडण्या पद्धतशीर अभ्यासल्या. पाल आणि वैद्यनाथन यांच्या २०१० च्या नेस्टेड अ‍ॅरेमुळे मोठ्या संख्येसाठीही अशी स्थाने सरळ सूत्राने लिहिता येऊ लागली. दिशा शोधण्याच्या कामी या मांडण्या फार मोलाच्या आहेत आणि घटकांच्या संख्येपेक्षा जास्त स्रोतही त्या ओळखू शकतात. पण त्यासाठी स्रोत एकमेकांशी असंबद्ध असावे लागतात, स्नॅपशॉट (सर्व घटकांवर एकाच क्षणी घेतलेल्या नोंदी) पुष्कळ लागतात, आणि साध्या बीमफॉर्मिंगमध्ये त्यांचे साइडलोब चढेच राहतात. आपली पहिली तक्रार साइडलोबची आहे, तेव्हा हा मार्ग मी आपल्याला सुचवणार नाही.

म्युच्युअल कपलिंगवर, म्हणजे शेजारच्या घटकांच्या एकमेकांवरील प्रभावावर, थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण चॅनेलच्या चुका काढून टाकल्यावर जे शिल्लक राहते ते बहुतेक हेच असते. अर्ध्या तरंगलांबीचे दोन डायपोल शेजारी-शेजारी, अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर ठेवले तर त्यांचा परस्पर इम्पीडन्स सुमारे उणे १२.५ उणे जे ३० ओहम असतो (‘जे’ म्हणजे काल्पनिक एकक), तर प्रत्येकाचा स्वतःचा ७३ अधिक जे ४२.५ ओहम. म्हणजे शेजाऱ्याचा प्रभाव मुळीच किरकोळ नाही. मधल्या घटकाला दोन्ही बाजूंनी शेजारी असतात आणि टोकाच्या घटकाला एकाच बाजूने. त्यामुळे १६ घटकांचे १६ पॅटर्न एकसारखे राहत नाहीत, आणि अ‍ॅरेचा बीम म्हणजे एका घटकाचा पॅटर्न गुणिले अ‍ॅरे फॅक्टर हा लाडका नियम ढासळतो. मोठ्या अ‍ॅरेमध्ये मधले बहुसंख्य घटक एकसारख्या परिस्थितीत असल्याने हे खपून जाते, लहान अ‍ॅरेमध्ये खपत नाही. दोन्ही टोकांना एक-दोन निष्क्रिय घटक योग्य लोड लावून बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि जागा असेल तर तो नेहमी करावा. डायपोलसारखे घटक, ज्यांच्यावरच्या विद्युतप्रवाहाचा आकार व्यवहारतः एकच असतो, त्यांच्या बाबतीत सगळ्या दिशांसाठी मिळून एकच कपलिंग मॅट्रिक्स पुरते आणि तिच्या व्यस्ताने दुरुस्ती करता येते. घटक गुंतागुंतीचे असतील तर ही सोय राहत नाही. तेथे प्रत्येक घटकाचा पॅटर्न, बाकीचे सगळे जागेवर आणि लोड लावून ठेवून, कोनागणिक मोजून तक्ता करणे हाच भरवशाचा मार्ग आहे. ट्रान्समिट करणाऱ्या अ‍ॅरेत कपलिंगचा आणखी एक परिणाम होतो: बीम वळवला की प्रत्येक घटकाला दिसणारा इम्पीडन्स बदलतो, आणि काही रचनांमध्ये विशिष्ट कोनाला जवळजवळ सगळी शक्ती परत फिरते. लंब दिशेला उत्तम मॅच असलेला अ‍ॅरे ४५ अंशांना तसाच राहील असे गृहीत धरू नये.

आता केपनच्या पद्धतीकडे येऊ. तिचा उगम १९६९ चा. तत्त्व असे की हव्या दिशेचा गेन १ वर बांधून ठेवायचा आणि बाकी एकूण आउटपुट शक्ती किमान करायची. यात एक असमतोल दडलेला आहे आणि आपल्याला पडलेले कोडे तेथेच उलगडते. व्यत्ययाची दिशा ही पद्धत मोजलेल्या डेटामधून, कोव्हेरिअन्स मॅट्रिक्समधून (घटकांच्या आउटपुटमधल्या परस्परसंबंधांच्या तक्त्यातून), स्वतः शिकते. त्यामुळे चॅनेलमधल्या सगळ्या चुका त्या शिकण्यात आपोआप सामावतात आणि शून्य अचूक जागी, खोलवर बसते. हव्या सिग्नलची दिशा मात्र आपण तिला स्टिअरिंग व्हेक्टरने सांगतो. तो व्हेक्टर खऱ्या सिग्नलशी जुळला नाही, तर पद्धतीच्या दृष्टीने खरा सिग्नल हा बांधलेल्या दिशेपासून थोडा बाजूला असलेला आणखी एक व्यत्यय ठरतो, आणि ती त्याला तितक्याच निष्ठेने दाबते.

किती दाबते, याचे उत्तर बंद सूत्राने मिळते. व्यत्यय नसून केवळ पांढरा नॉइज आहे असे धरू. अ‍ॅरेच्या आउटपुटवर मिळू शकणारे सर्वोत्तम सिग्नल-नॉइज गुणोत्तर घ्या. त्याचा वर्ग आणि त्याची दुप्पट यांची बेरीज करा. तिला खऱ्या आणि गृहीत व्हेक्टरमधल्या कोनाच्या साइनच्या वर्गाने गुणा आणि १ मिळवा. मूळ गुणोत्तर जवळपास तेवढ्या पटीने घटते. आपल्या ५ अंश आणि अर्ध्या डेसिबेलच्या चुकांसाठी हा साइनचा वर्ग ०.०११ आहे. प्रत्येक घटकावर सिग्नल नॉइजच्या १० डेसिबेल खाली असेल तर १६ घटकांनंतरचे गुणोत्तर १.६ असते आणि तोटा पाव डेसिबेलच्या आसपास राहतो, जो कोणाच्या लक्षातही येणार नाही. तोच सिग्नल नॉइजच्या १० डेसिबेल वर असेल तर गुणोत्तर १६० होते, त्याचा वर्ग २५,६०० होतो, आणि तोटा साडेचोवीस डेसिबेलवर जातो. साध्या बीमफॉर्मरला याच चुकांनी फक्त ०.०५ डेसिबेलचा फटका बसला असता. दुर्बळ सिग्नल मिळतो आणि जोरदार दबतो या आपल्या निरीक्षणाचे पूर्ण स्पष्टीकरण या वर्गात आहे.

यावरचा रूढ उपाय म्हणजे डायगोनल लोडिंग: कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सच्या कर्णावर एक स्थिरांक मिळवायचा, जणू नॉइज प्रत्यक्षापेक्षा जास्त आहे. वरच्याच उदाहरणात लोडिंग नॉइजच्या १० डेसिबेल वर ठेवले तर साडेचोवीसचा तोटा सुमारे साडेपाच डेसिबेलवर येतो, आणि २० डेसिबेल वर ठेवले तर पाव डेसिबेलवर. याची किंमत अशी की लोडिंगच्या पातळीखालच्या दुर्बळ व्यत्ययांकडे पद्धत दुर्लक्ष करू लागते. म्हणून लोडिंगचा आकडा आंधळेपणाने ठरवू नये. पांढऱ्या नॉइजविरुद्धचा गेन, जो १६ घटकांना जास्तीत जास्त १२ डेसिबेल असतो, तो समजा ९ किंवा १० च्या खाली जाणार नाही अशी अट घालून त्यातून लोडिंग काढावे. ही एक संख्या पडद्यावर सतत दिसत राहील अशी सोय मी प्रत्येक अ‍ॅडॅप्टिव्ह प्रणालीत करायला सांगतो. ती कोसळली की बीमचा आलेख कितीही देखणा दिसला तरी अ‍ॅरे स्वतःच्याच चुका मोठ्या करतो आहे असे समजावे. घटक अगदी जवळ आणून जास्त दिग्दर्शकता काढणाऱ्या सुपरडायरेक्टिव्ह रचनांना हाच नियम लागू होतो: गणितात अंतर शून्याकडे नेताना रेषेच्या दिशेने दिग्दर्शकता घटकसंख्येच्या वर्गापर्यंत चढते, आणि त्याच वेळी चुकांविषयीची संवेदनशीलता अमर्याद वाढते.

स्नॅपशॉटची संख्याही तपासावी. रीड, मॅलेट आणि ब्रेनन यांनी १९७४ मध्ये दाखवलेल्या निष्कर्षानुसार घटकसंख्येच्या सुमारे दुप्पट स्वतंत्र स्नॅपशॉट असले की कोव्हेरिअन्सच्या अंदाजामुळे होणारा सरासरी तोटा ३ डेसिबेलच्या आत राहतो; आपल्यासाठी ३२. या नियमाचा सर्रास गैरवापर होतो, कारण तो हवा असलेला सिग्नल डेटात नसतानाच लागू आहे. सिग्नल डेटात असेल तर पुष्कळ जास्त स्नॅपशॉट लागतात. रडारमध्ये किंवा खंडित प्रक्षेपणात सिग्नल नसलेला काळ उपलब्ध असतो. तेव्हा भारांक त्या काळातल्या डेटावरून काढावेत. यामुळे वर सांगितलेली स्वतःचाच सिग्नल दाबण्याची अडचणही जवळजवळ नाहीशी होते, आणि शक्य असेल तेथे हा उपाय लोडिंगपेक्षाही सरस आहे.

म्युझिकचे उत्तर आता सहज देता येते: नाही, त्याने अडचण सुटणार नाही. शिखरे टोकदार दिसतील, पण ती योग्य जागी असतीलच असे नाही. आकड्यांनी पाहा. १६ घटक, १०० स्नॅपशॉट आणि प्रत्येक घटकावर सिग्नल नॉइजइतकाच धरला, तर एका स्रोताच्या दिशेतली नॉइजमुळे होणारी किमान शक्य चूक लंब दिशेजवळ सुमारे ०.०७ अंश आहे, म्हणजे बीमच्या रुंदीचा जेमतेम नव्वदावा भाग. दुसरीकडे ५ अंशांच्या यादृच्छिक फेज चुकांमुळे दिशा सरासरी ०.०९ अंशांनी सरकते. स्नॅपशॉट १,००० केले की पहिली चूक ०.०२ वर येते. दुसरी तशीच राहते, कारण ती प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये तीच असते. १०० स्नॅपशॉटच्या पुढे आपण केवळ चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढवत राहतो. जवळजवळचे दोन स्रोत वेगळे करताना परिस्थिती आणखी नाजूक होते, कारण तेथे सिग्नल आणि नॉइजच्या उपअवकाशांमधला (कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सच्या सिग्नलच्या आणि नॉइजच्या भागांमधला) बारीक फरकच उपयोगी पडत असतो आणि व्हेक्टरमधली तफावत तोच खाऊन टाकते. कॅलिब्रेशन झाल्यावर म्युझिक जरूर वापरावे. समान अंतराच्या अ‍ॅरेसाठी बहुपदीची मुळे काढणारे रूट-म्युझिक घ्यावे, ते कोनांची जाळी चाचपण्यापेक्षा वेगवानही आहे आणि कमी सिग्नल-नॉइज गुणोत्तराला अधिक सोशिकही.

एकच सिग्नल थेट आणि परावर्तित अशा दोन मार्गांनी येत असेल तर केपन आणि म्युझिक दोन्ही वेगळ्या कारणाने फसतात. असे दोन सिग्नल पूर्ण सुसंबद्ध असल्याने कोव्हेरिअन्समध्ये ते एकाच स्रोतासारखे दिसतात. अ‍ॅरेचे एकमेकांवर सरकणारे उपअ‍ॅरे करून त्यांच्या कोव्हेरिअन्सची सरासरी घेणे, म्हणजे स्पेशियल स्मूदिंग, हा त्यावरचा उपाय असून तो फक्त समान अंतराच्या, नीट कॅलिब्रेट केलेल्या अ‍ॅरेलाच लागू पडतो; शिवाय उपअ‍ॅरेच्या लांबीइतकेच अ‍ॅपर्चर, म्हणजे अ‍ॅरेची उपयोगी लांबी, हाती उरते. मोजणीच्या मैदानात जमिनीचे परावर्तन असेल तर आपल्या काही खोट्या शिखरांचे कारण हेही असू शकते.

मायक्रोफोन किंवा हायड्रोफोनचा अ‍ॅरे बनवणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की वरचे सगळे अरुंद पट्ट्याचे गणित आहे. ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या बोलण्याच्या पट्ट्यासाठी ८ मायक्रोफोन ५ सेंटिमीटरवर ठेवले, तर वरच्या टोकाला ते अंतर बरोबर अर्ध्या तरंगलांबीचे असते, पण ३०० हर्ट्झला ३५ सेंटिमीटरची सगळी लांबी तरंगलांबीच्या तिसऱ्या भागाएवढीही भरत नाही आणि बीम नावापुरताच उरतो. अशा ठिकाणी पट्टा तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याला वेगळ्या अंतराचे घटक वापरावे लागतात. अँटेनामध्येही फेज शिफ्टरने बीम ४५ अंशांना वळवला आणि वारंवारता ५ टक्क्यांनी बदलली तर बीम जवळजवळ ३ अंश सरकतो. रुंद पट्ट्याला फेजऐवजी खरा वेळेचा विलंब द्यावा. आणि रेषीय अ‍ॅरे कोणताही असो, तो रेषेभोवतीच्या शंकूवरची दिशा ओळखू शकत नाही. पुढचा-मागचा किंवा डावा-उजवा हा संभ्रम घटकाच्या स्वतःच्या पॅटर्नने किंवा अ‍ॅरे वळवूनच सोडवावा लागतो.

आता प्रत्यक्ष काय करावे. एक स्थिर स्रोत दूर ठेवून, अ‍ॅरे फिरवता येईल अशा टेबलावर बसवून, सर्व १६ चॅनेलची फेज आणि अ‍ॅम्प्लिट्यूड एकाच वेळी नोंदवावी. अंतराचा नेहमीचा नियम लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी असा आहे. आपल्या ८ तरंगलांबींच्या अ‍ॅरेला १२८ तरंगलांबी, म्हणजे ३ गिगाहर्ट्झला १२.८ मीटर. एवढ्या अंतरावरही टोकाच्या घटकाला तरंगरेषेच्या वक्रतेमुळे २२.५ अंशांचा फरक दिसतो, म्हणून कमी साइडलोब पाहायचे असतील तर अंतर काही पट वाढवावे किंवा ही ज्ञात वक्रता गणितात वजा करावी. उणे ६० ते अधिक ६० अंशांपर्यंत पाच-पाच अंशांनी मोजणी घेतली की प्रत्येक घटकाची आदर्श फेजपासूनची तफावत कोनाबरोबर कशी बदलते याचा आलेख काढावा. तफावत सर्व कोनांना तीच राहिली तर ती केबलची किंवा रिसीव्हरची आहे आणि एका गुणकाने दुरुस्त होते. ती कोनाच्या साइनप्रमाणे बदलत असेल तर घटक रेषेवर पुढे-मागे सरकलेला आहे, आणि कोसाइनप्रमाणे बदलत असेल तर रेषेबाहेर. टोकाच्या दोन-तीन घटकांतच, आणि लहरीसारखी बदलत असेल तर कपलिंगचा संशय घ्यावा. सगळ्या घटकांत क्रमांकाच्या प्रमाणात वाढत गेली तर अ‍ॅरे बहुधा टेबलावर थोडा तिरका बसला आहे.

पहिल्या प्रकारची चूक काढून टाकल्यावर उरलेल्या तफावतीचा वर्ग पुन्हा वरच्या सूत्रात घालावा आणि त्यातून येणाऱ्या पातळीच्या १० डेसिबेल वरचा टेपर निवडावा. उणे ३० मिळण्याची शक्यता चांगली आहे. त्यानंतर रिसीव्हर चालू करून तो गरम होईपर्यंत फेज किती सरकते हे एकदा संपूर्ण दिवसभर नोंदवावे. ती दीड अंशापेक्षा जास्त सरकत असेल तर प्रत्येक चॅनेलच्या मुखाशी कपलरमधून एक ज्ञात टोन सोडण्याची सोय करावी आणि त्या सरकण्याच्या वेगावरूनच पुन्हा कॅलिब्रेशन किती वेळाने करायचे ते ठरवावे. कपलरच्या पुढचा भाग, म्हणजे खुद्द अँटेना आणि तिथपर्यंतची केबल, या टोनच्या वाटेत येत नाही. तो बदलला असल्याची शंका आली तर अ‍ॅरे पुन्हा टेबलावर चढवून संपूर्ण मोजणी करावी लागते.